तोफेला जेवू कोण घालायचं?

प्रति,
इंदुरात आणि भोवतालच्या माळव्यात तोफांसमोर पाट्या लिहिणारे सर्व अधिकारी, अभिरक्षक, नगरसेवक आणि उत्सव मंडळांचे कार्यकर्ते यांस,

विषय : पाटीवर तीन ओळी वाढवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक, राहणार जुनी इंदूर. पत्र तोफांबद्दल आहे, पण सुरुवात भिंतीपासून करावी लागेल.

दसऱ्यानंतर घराची पुताई काढली होती. आमच्या मागच्या खोलीला दर थंडीत कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा फुलोरा येतो. चुना मारा, ऑइलपेंट मारा, पुट्टी भरा, दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि खालून तो पांढरा भुगा डोकावतो. रंगारी आला, नखाने भिंत खरवडली आणि म्हणाला, "बाबूजी, नोना है. पैसे मत बिगाड़ो, फिर आ जाएगा." आपण मराठीत त्याला लोणा म्हणतो. तो गेल्यावर मी चिमूटभर भुगा जिभेवर ठेवला. (शाळेत कुणा पोराने हे केलं असतं तर कान धरून प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं.) आधी खारट, मग किंचित कडसर, आणि मागून जिभेला गारवा. तो गारवा ओळखीचा होता. ती खोली म्हणजे आजोबांच्या वेळचा गोठा. एक घोडी आणि दोन गाई तिथे कित्येक वर्षं बांधलेल्या असत. जनावरं गेली, फरशी आली, पंखा आला, पण भिंत अजून त्यांचं मूत ओकते आहे आणि जे ओकते आहे त्यात सोरा आहे, तोफेच्या दारूत लागतो तो क्षार.

त्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन तोफ बघायला गेलो. कुठल्या आवारात ते लिहीत नाही, कारण पाटी सगळीकडे सारखीच. 'प्राचीन तोप. लोहा. लगभग अठारहवीं सदी.' खाली लांबी, त्याखाली 'कृपया न छुएँ'. तोफेच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या. भाच्याने फोटो काढला आणि आम्ही पोहे खायला गेलो.

पोहे खाताना डोक्यात आलं की छप्पन दुकानावर कुणी रिकामी परात मांडून तिच्यापुढे 'इंदुरी पोहे' अशी पाटी लावली, तर इंदूरकर त्याला सोडतील का? तोफ म्हणजे परात आहे. लोखंडाची किंवा पंचरसी, ओतीव किंवा पट्ट्या वळून केलेली, पण शेवटी भांडंच. लढाई व्हायची ती त्या भांड्यात जे शिजायचं त्यावर. ते कशाचं होतं, कुठून यायचं, कुणाच्या हातचं होतं, याबद्दल तुमच्या पाटीवर अक्षर नाही. त्या तीन ओळी मागण्यासाठी हे पत्र.

शब्दापासूनच सुरू करा. मराठीत प्यायची तीही दारू आणि तोफेचीही दारू. वर्गात या धड्याला पोरं हमखास फिदीफिदी हसायची. फार्सीत दारू म्हणजे औषध. हिंदीतल्या दवा-दारूत तो अर्थ अजून टिकून आहे. गंमत अशी, की चिनी भाषेत तोफेच्या दारूला 'हुओ याओ' म्हणतात आणि त्याचाही अर्थ आगीचं औषध. तिथे नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका ताओपंथी पोथीत बजावून ठेवलं आहे, की गंधक, सोरा आणि असल्या वस्तू एकत्र तापवू नका, काहींचे हात-तोंड भाजले आणि घर जळून गेलं. अमर व्हायचं रसायन शोधायला बसलेल्यांच्या हाती हे लागलं! १०४४ सालच्या चिनी लष्करी ग्रंथात दारूचे पाठ दिलेले आहेत. अरबांनी सोऱ्याला नाव दिलं 'चीनचा बर्फ', इराण्यांनी 'चिनी मीठ'. आपल्याकडे लग्नाचा बार उडतो, भाषणाचा बार फुसका निघतो, कुणी कुणाला तोफेच्या तोंडी देतो. रंजक (तोफेच्या कानात घालायची बारीक दारू), जामगी (ती पेटवायची वात), बत्ती, दारूगोळा, दारूखाना हे शब्द मराठीत अजून आहेत. भाषेने जे जपलं ते पाटीने जपू नये, याचं मला नवल वाटतं.

आता थोडं रसायन, कारण त्याशिवाय माझी मागणी हट्टाची वाटेल.

शेगडीतला कोळसा हवेतल्या ऑक्सिजनवर जळतो, आणि हवा जिथवर पोचेल तिथवरच जळतो. फुंकणी लागते ती त्यासाठी. तोफेच्या नळीत, गोळ्यामागे गच्च ठासलेल्या जागी फुंकणी कोण मारणार? ते काम सोरा करतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू बांधलेले आहेत, हवेची पुरचुंडीच म्हणा. उष्णता लागली की पुरचुंडी सुटते आणि कोळशाला आतल्या आत ऑक्सिजन मिळतो. गंधक लवकर पेट घेतो आणि आग बाकीच्यांपर्यंत नेतो. तयार होणारे वायू मूळ पुडीच्या कित्येक पट जागा मागतात, नळीत जागा असते फक्त पुढे, आणि पुढे गोळा असतो.

वजनाने पाहिलं तर मुरलेल्या कारागिरांची दारू चारांत तीन भाग सोराच असे. उरलेल्या एका भागात कोळसा आणि गंधक. हा आकडा पाठ्यपुस्तकात परीक्षेपुरता येतो आणि पुढच्या वर्षी विसरला जातो, पण इतिहासाच्या मास्तरांनी तो फळ्यावर लिहून ठेवावा. कोळसा कुणीही पाडतो. गंधक बंदरावर विकत मिळतो. अडतं ते सोऱ्यावर. म्हणून युद्धकाळात राजे, कंपन्या आणि क्रांतिकारक जे धावले ते खाणीकडे नाही, गोठ्याकडे धावले.

(कुणाला शंका येण्याआधी सांगतो : मी पाटीवर कृती मागत नाहीये. दाणे कसे पाडायचे, काय किती कुटायचं हे कुणाला सांगायची गरज नाही आणि मी सांगणारही नाही. २०१७ मध्ये राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानांना लागलेली आग आणि २०२४ मध्ये हरद्यातला फटाका कारखान्याचा स्फोट ज्यांनी पाहिला-ऐकला त्यांना कारण विचारायची गरज नाही.)

दारू जळाली तरी तिचा निम्म्याहून कमी भागच वायू होतो, ही गोष्टही फारशी कुणी सांगत नाही. बाकीचं घनरूप उरतं. पोटॅशियमचे क्षार, सल्फेट, कार्बोनेट, सल्फाइड. तोच तो दाट पांढरा धूर, तीच नळीत साचलेली राड, आणि तोच लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या पहाटे गल्लीत घुटमळणारा सडक्या अंड्याचा वास. दर बारानंतर गोलंदाजाला नळीत ओला पोतेरा फिरवावा लागे तो या राडीमुळे, आणि आत एखादी ठिणगी जिवंत राहिली असेल तर ती विझावी म्हणून. धारवाडच्या वेढ्यात, १७९०-९१ मध्ये, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबर एडवर्ड मूर नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने लिहून ठेवलंय की मराठे तोफ भरतात, मग सगळे खाली बसून अर्धा तास गप्पा मारत चिलीम ओढतात, मग बार काढतात, आणि पुन्हा बसतात. इंग्रजी पुस्तकांत हा उतारा हसू आणण्यासाठी येतो. चिलीम मलाही पटत नाही. दारूशेजारी विस्तव घेऊन बसणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. पण तो अर्धा तास मोजताना तापलेली नळी आणि शेकडो मैलांवरून बैलांच्या पाठीवर येणारी दारू हेही मोजायला हवं होतं, असं मला वाटतं. धारवाड पडायला एप्रिल १७९१ उजाडला.

सोरा येतो कुठून, तर माझ्या भिंतीसारख्या जागांतून. मूत, शेण, कुजकट पालापाचोळा यांतल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो आणि मग मातीतले सूक्ष्मजीव त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणूंचं काम आहे हे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच जोडीने दाखवलं ते १८७७ मध्ये. म्हणजे सोरा काढणाऱ्यांनी शतकानुशतकं जे जिवाणू पाळले त्यांची ओळख शास्त्राला झाली तोवर काळ्या दारूचे दिवस भरत आले होते. पावसाने नायट्रेट मातीत विरघळतं. पाऊस सरला, ऊन पडलं, की पाण्याबरोबर ते केशाकर्षणाने वर चढतं, पाणी उडून जातं आणि पहाटे जमिनीवर पांढरी साय दिसते. दाट वस्ती, भरपूर गुरं, चुलीची राख आणि पावसानंतर लांबच लांब कोरडा ऋतू. हे सगळं एकत्र कुठे मिळतं? उत्तर बिहारात. सारण, तिरहुत, पाटण्याचा परिसर.

ती साय खरवडणारी माणसं म्हणजे नोनिया. काही ठिकाणी लोनिया, नुनिया. आमच्या रंगाऱ्याच्या तोंडातला 'नोना' आणि त्यांच्या जातीचं नाव एकाच मिठाचं आहे. ते माती जिभेवर ठेवून पारखत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून जीभ गार पडते. मी त्या दिवशी नकळत त्यांचीच परीक्षा दिली. माती पाण्याने निथळवायची, ते पाणी आटवायचं, खडे जमवायचे, धुवायचे, पुन्हा आटवायचे. मातीतलं बरंचसं नायट्रेट कॅल्शियमचं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून चिकट होतं. त्यात लाकडाची राख आली की राखेतलं पोटॅशियम त्याची जागा घेतं आणि कोरडा राहणारा सोरा मिळतो. ही अदलाबदल मी बारावीच्या पोरांना तीस वर्षं समीकरणात शिकवली. ज्यांनी ती चुलीपुढे बसून शोधली त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. ही माझी चूक, ती इथे नोंदवून ठेवतो.

सोऱ्याच्या गारव्याचा चैनीचा उपयोगही होता. आइन-ए-अकबरीत अबुल फजल सांगतो की दारूत जो सोरा स्फोट घडवतो त्यानेच बादशहाचं पिण्याचं पाणी गार केलं जाई. पाण्याची बंद सुरई सोऱ्याच्या पाण्यात फिरवत राहायची. एकच वस्तू, आबदारखान्यात गार आणि तोफखान्यात जहाल. मला शिक्षक म्हणून एवढं छान उदाहरण मिळूनही मी ते निवृत्त झाल्यावर वाचलं.

ओलाव्याची धास्ती आपल्या लोकांनाही चांगली ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल जी कलमं आहेत ती वाचा. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, आणि दारू, बाण वगैरे आठा-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं. सह्याद्रीच्या पावसात चार महिने किल्ला भांडवणाऱ्या माणसाने लिहिलेलं ते रसायनशास्त्र आहे. आपण आज्ञापत्रातला राजनीतीचा भाग भाषणात सांगतो आणि हे कलम वगळतो.

आता लढाया. प्लासीची, २३ जून १७५७. दुपारी पाऊस आला. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्र्यांखाली झाकली, नवाबाच्या सैन्याची भिजली. फितुरीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, भिजलेल्या दारूची एका वाक्यात संपते. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. १७५८ मध्ये क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या नावे करून घेतला. त्याआधी तो व्यापार ज्या बड्या सावकारांच्या हाती असे त्यांत एक अमीचंद होता. हो, तोच, ज्याला क्लाइव्हने खोटा तहनामा दाखवून फसवला. त्या फसवणुकीची गोष्ट शाळेत शिकलो तेव्हा अमीचंद नुसता लोभी शेटजी वाटला होता. तो सोऱ्याचा व्यापारी होता हे कळल्यावर सगळं प्रकरण निराळं दिसायला लागतं.

या मक्त्याने सर्वांत जास्त भाजलं ते फ्रान्सला. हिंदुस्थानचा सोरा तुटला, घरचा पुरेना. १७७५ मध्ये अर्थमंत्री तुर्गोने दारूचा खाजगी मक्ता मोडला, सरकारी खातं काढलं आणि त्याच्या चार कारभाऱ्यांत एक नेमला लव्हाझिए. ज्याने ऑक्सिजनला ऑक्सिजन हे नाव दिलं तो माणूस आयुष्यातली उमेदीची वर्षं पॅरिसच्या शस्त्रागारात राहून सोऱ्याच्या मागे होता! मी हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघत. लव्हाझिएच्या खात्याने काही वर्षांत फ्रान्सला इतकं सावरलं की अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात लढणाऱ्यांना दारू पुरली ती मुख्यतः फ्रान्समधून आलेली. २७ ऑक्टोबर १७८८ ला एसोनच्या कारखान्यात सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट घालून दारू करून पाहत होते. लव्हाझिए, त्याची बायको आणि रसायनशास्त्रज्ञ बर्थोले हे तिघेही तिथे होते. जरा बाजूला गेले आणि स्फोट झाला. दोघांचा जीव गेला. हे तिघे वाचले.

पुढे क्रांती झाली, युरोपभर शत्रू उभे राहिले, समुद्र इंग्रजांनी अडवला. तेव्हा फ्रान्सने काय करावं? नागरिकांना सांगितलं, आपापली तळघरं खरवडा. १७९४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभरातून माणसं पॅरिसला बोलावून त्यांना सोरा शुद्ध करणं, दारू आणि तोफा तयार करणं यांचे भराभर वर्ग दिले. शिकवणारे कोण, तर बर्थोले, फुर्क्रुआ, गितों, माँझ. लव्हाझिए नव्हता. तो तुरुंगात होता आणि ८ मेला त्याचा शिरच्छेद झाला. ३१ ऑगस्टला ग्रेनेलचा दारूचा कारखाना उडाला आणि शेकड्यांनी माणसं मेली. घाईची दारू कुणालाच माफ करत नाही.

इंग्लंड तरी कुठे साधं होतं. १६२६ मध्ये चार्ल्स राजाने प्रजेला लघवी साठवून ठेवायचा हुकूम काढला होता, आणि सोरेवाले लोकांच्या कबुतरखान्यांतली, घरांतली जमीन उकरत म्हणून रयत त्यांना शिव्या देई. बिहार हाती आल्यावर इंग्रज शेतकऱ्याची ती कटकट मिटली. म्हणजे ती कटकट आपल्याकडे आली.

आणि अमेरिका. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली तेव्हा उत्तरेकडच्या सरकारकडे सोरा कमी होता. त्यांनी दारू कारखानदारांच्या घराण्यातल्या लामो द्यू पाँ याला लंडनला धाडलं आणि मिळेल तेवढा सोरा उचलायला सांगितलं. तो हिंदुस्थानी सोरा होता. तेवढ्यात भर समुद्रात एका इंग्रजी जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील उत्तरेच्या आरमाराने उतरवून घेतले. इंग्लंड चिडलं आणि सोऱ्याची निर्यात बंद. वकील सोडून दिल्यावर, १८६२ च्या जानेवारीत, सोरा सुटला. लिंकनची गोष्ट आपण गुलामगिरीपाशी सुरू करतो आणि गेटिसबर्गपाशी संपवतो. मधल्या पानावर बिहारातली एक खरवडलेली ओसरी आहे. दक्षिणेला तर तोही रस्ता नव्हता. त्यांनी गुहांतली वटवाघळांच्या विष्ठेची माती उपसली आणि १८६३ मध्ये सेल्मा गावच्या वर्तमानपत्रात बायकांना जाहिरातीने विनंती केली की घरातलं रात्रीचं मूत टाकू नका, गाडी न्यायला येईल. त्यावर लोकांनी चावट कवितासुद्धा केल्या.

त्यानंतर चिलीच्या वाळवंटातला सोडियमचा सोरा आला, १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएइची बिनधुराची दारू आली, १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला हवेतूनच अमोनिया करायचा कारखाना उभा राहिला आणि गोठ्यांची गरज संपली. तो भाग तुमच्या तोफांना लागू नाही, सोडून देतो.

आपल्या माळव्याकडे या. यशवंतराव होळकरांनी भानपुऱ्याला तोफा ओतल्या हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने लिहून ठेवलंय की ते स्वतः भट्टीपाशी राबत. २८ ऑक्टोबर १८११ ला तिथेच ते गेले. प्रत्येक व्याख्यानात त्या भट्टीचा धगधगता उल्लेख येतो आणि टाळ्या पडतात. मी गेल्या काही वर्षांत अशी कितीतरी व्याख्यानं ऐकली. वक्त्याला शेवटी 'त्या तोफांसाठी सोरा कुठून यायचा?' असा प्रश्न विचारला की तो माझ्याकडे असं बघतो जणू मी पोवाडा चालू असताना किराण्याचा भाव विचारला. एका संयोजकाने तर माइक काढून घेतला. नाव लिहीत नाही, माणूस भला आहे, पुढच्या गणपतीत भेटणार आहे.

१८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनला याच यशवंतरावांनी मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवला. पाऊस, फुगलेल्या नद्या, चिखल. इंग्रजांच्या तोफा रुतल्या आणि तोफांच्या कानांत, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकांत, खिळे ठोकून त्या टाकून द्याव्या लागल्या. मृगात गुडघाभर चिखलातून स्कूटर ढकललेल्या माळव्याच्या माणसाला हा पराक्रम जास्त चांगला कळेल. पण तो पाटीवर असायला हवा ना!

महिदपूर, २१ डिसेंबर १८१७. क्षिप्रेच्या पलीकडे होळकरी तोफखाना मांडलेला. इंग्रजांचं नदी ओलांडून येणारं सैन्य त्याच्या माऱ्यात सापडलं, मेलेले-जखमी मिळून पावणेआठशेच्या आसपास. हरलेल्या बाजूच्या तोफखान्याने केलेली ही कामगिरी आहे. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, महूला छावणी आली, आणि राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपलं शहर ज्या रूपात आहे ते त्या दिवशीच्या दारूच्या धुरातून आलेलं आहे. तोफा पुढे १ जुलै १८५७ ला पुन्हा बोलल्या, रेसिडेन्सीवर, सआदत खानाच्या हुकुमावरून. त्यानंतर मुख्यतः सलामीपुरत्या.

सरदारांची नावं आहेत, गोलंदाजांची थोडी आहेत. दारू कुटणाऱ्यांची नाहीत. झाशीच्या वेढ्यात बायका मोर्च्यांवर राबताना आणि दारूगोळा वाहताना दिसत होत्या, हे वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या बाजूच्या लोकांनी लिहिलंय. तेवढं लिहायला शत्रू लागला.

एक जिवंत पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. गौतमपुऱ्याचा हिंगोट. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' आणि रुणजीचे 'कलंगी' समोरासमोर उभे राहून दारू भरलेली हिंगोटाची फळं पेटवून एकमेकांवर फेकतात. मराठीत त्या झाडाला हिंगण, फळाला हिंगणबेट म्हणतात. शाहिरीतले कलगी-तुरे जाणणाऱ्याला ही नावं ऐकून गुदगुल्या होतील. भाजलेले, जखमी दरवर्षी असतात. २०१७ मध्ये एका तरुणाचा जीव गेला. चॅनेलवाले दरवर्षी दोनच प्रश्न विचारतात, बंद करावं की चालू ठेवावं. माझा तिसरा आहे. त्या गावांत घरोघरी जे शहाणपण आहे ते कुणी लिहून घेतलं का? कोळसा कुठल्या लाकडाचा चालतो, ओली दारू कशी ओळखायची, आजोबा काय सांगायचे. कलकत्त्याजवळच्या इच्छापूरच्या सरकारी दारू कारखान्यात, जो १७९१ पासून चालू होता, तुरीच्या काठ्यांचा कोळसा वापरत. तुरीच्या काठ्या आपल्या निमाडात ढिगाने पडलेल्या असतात. संग्रहालयाच्या माणसाने एक दिवस वही घेऊन गौतमपुऱ्याला जावं. शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर आहे, संध्याकाळी परत येता येतं.

म्हणून माझी मागणी.

पाटीवरचं 'प्राचीन' काढा. अठराव्या शतकाला प्राचीन म्हणणं म्हणजे माझ्या पणजोबांना ऋषी म्हणण्यासारखं आहे. शहरात मोडी वाचणारे अजून आहेत, त्यांना चहा पाजा आणि दप्तरांतले दारूखान्याचे हिशेब काढायला सांगा. सोरा, गंधक, रंजक, जामगी, शिसं हे शब्द दिसतील तिथे खूण करा. तोपर्यंत वाट बघायची नसेल तर पुढचा मसुदा लावा, मराठीतही आणि हिंदीतही :

'या तोफेची दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असे. चारांत तीन भाग सोरा. सोरा गोठ्यांच्या आणि जुन्या वस्त्यांच्या मातीतून खरवडून, धुऊन, आटवून काढत. उत्तर हिंदुस्थानात हे काम करणाऱ्यांना नोनिया किंवा लोनिया म्हणत. दारूला वेळोवेळी ऊन द्यावं लागे.'

एवढंच. खर्च एका पत्र्याचा आणि दोन डब्या रंगाचा. रंगारी माझ्या ओळखीचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त रसायन शिक्षक
जुनी इंदूर

ता. क. : मागच्या खोलीची ती भिंत मी या वर्षी रंगवली नाही. बायकोने दोन दिवस अबोला धरला, आता सवय झाली आहे. मार्गशीर्ष ते माघ, सकाळी नऊच्या आत यावं, तेव्हा फुलोरा चांगला दिसतो. चाटू नये.